खंडेनवमीला घासलेला चाकू

चाकू जमवणं ही काही मराठी माणसाची हौस नव्हे. मिनेसोटातल्या आमच्या मंडळात कुणी नाणी जमवायचं, कुणी नाट्यगीतांच्या कॅसेट. मी जमवायचो खिशात ठेवायचे घडीचे जुने चाकू. पार्टीत कुणीतरी हटकून विचारायचं, "काय यार, कुणाचा मुडदा पाडायचाय?" आणि मीही हटकून हसायचो. आठवडाभर कंपनीत ड्रॉइंग तपासून डोक्याचा भुगा झालेला, आणि शनिवारी उजाडायच्या आत गाडी काढून कुठल्यातरी खेड्यातल्या फ्ली मार्केटला, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजाराला, निघायचं. बायको म्हणायची, "अहो, एक दिवस तरी झोपा. तोंड बघा आरशात." तिचं चुकत नव्हतं. ती सगळी वर्षं मी दमलेलाच होतो. ही नसती उठाठेव का सोडत नव्हतो, ते मलाही सांगता येत नसे.

खरं म्हणजे चाकूपेक्षा तो केला कुणी, यातच माझा जीव अडकायचा. पात्याच्या मुळाशी शिक्का असतो, पण तो कारखान्याच्या मालकाचा. ज्यानं पातं घडवलं, हाडाची मूठ तासून बसवली, स्प्रिंग अशी जुळवली की उघडताना टक् असा आवाज यावा, त्याचं नाव कुठेच नाही. मग मी गावोगाव हार्डवेअरच्या दुकानांत, चर्चच्या पॅनकेक ब्रेकफास्टला म्हाताऱ्यांना गाठून विचारत बसायचो. बहुतेकांना काही आठवत नसे. परत येताना शंभर मैल मी स्वतःलाच शिव्या घालायचो.

अशाच एका चौकशीत ती आजी भेटली. आमच्यापासून दोन तासांवरच्या गावी, वृद्धांच्या होममध्ये राहायची. ऐंशीच्या पुढची, एका डोळ्याने जवळजवळ अधू. तिचे वडील चाकूच्या कारखान्यात कामाला होते आणि ती लहान असतानाच गेले. घरात त्यांचं नाव निघालं की आई, मामा, सगळे एकच म्हणायचे: दारुडा होता, हातून काही झालं नाही. पण तिला पक्कं आठवत होतं, की मागच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचे म्हणून थोडे चाकू केले होते आणि पात्यावर ॲसिडने स्वतःचं नाव कोरलं होतं. आईने ते सगळे विकून टाकले. "मला फक्त एकदा ते नाव बघायचंय," ती म्हणाली. "म्हणजे मी मनाने रचलं नाही, एवढं तरी कळेल मला."

पुढे दोन वर्षं कुठलीही टपरी दिसली की मी तेच शोधत होतो. आणि सापडला! आयोवातल्या एका शेतावरच्या लिलावात, गंजक्या खिळ्यांच्या डब्यात. पातं जुनेपणाने काळंनिळं पडलेलं, आणि त्या काळपटावर, उजेडात तिरकं धरलं की, बारीक तिरप्या अक्षरात आजीच्या वडिलांचं नाव. इतकं उथळ की नखालासुद्धा लागत नव्हतं. इतका आनंद मला ग्रीन कार्ड आलं तेव्हाही झाला नव्हता.

आजीला फोन केला, नाव वाचून दाखवलं. ती म्हणाली, "रविवारी ये. मी केस सेट करून घेते."

त्या ऑक्टोबरात माझी आई आमच्याकडे आली होती. सहा महिन्यांसाठी आलेली आई म्हणजे काय, ते परदेशात संसार केलेल्यांना सांगायला नको. दिवसभर एकटी, टीव्ही कळत नाही, फिरायला फुटपाथ नाही, शेजारीण हसते पण बोलायचं काय? सारखी काहीतरी काम मागायची. आजीच्या वडिलांनी केलेला चाकू तिला दाखवला होता, रविवारी तो द्यायला जाणार हेही सांगितलं होतं; पात्यावरच्या नावाचं तेवढं सांगायचं राहिलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाली, "अरे, उद्या हत्यारं पुजायची. तुझ्या घरात हत्यार म्हणून आहे काय?"

"आहेत की, खाली माझे चाकू आहेत," मी थट्टेने म्हटलं आणि विसरून गेलो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर बायको दारातच, चेहरा पांढराफटक. "आधी शांत राहायचं कबूल करा," ती कुजबुजली. डायनिंग टेबलावर पाट, त्यावर नवा टॉवेल, आणि टॉवेलवर माझे सगळे चाकू, पाती उघडून ओळीने मांडलेले. प्रत्येकावर हळदकुंकू, अक्षता. आणि सगळेच्या सगळे आरशासारखे लखलखीत.

आपल्याकडे हत्यार पुजायचं म्हणजे आधी घासायचं. विळी काय, कोयता काय, मळकं हत्यार देवापुढे ठेवत नाहीत. आईने आधी चिंच लावली, मग तारेची घासणी, आणि तेवढ्याने काळं जाईना म्हणून माझ्याच कामाच्या टेबलावरचा पॉलिश पेपर. सकाळपासून बसली होती. बाकीच्यांवरचे शिक्के खोल ठोकलेले, ते वाचले. आजीच्या वडिलांचं नाव मात्र गेलं होतं. मी पातं दिव्याखाली धरलं, खिडकीपाशी नेलं, भिंग लावलं. काही नाही. आधी फोटो काढला होता, पण त्यात अक्षरं उमटलीच नव्हती, नुसतं धुरकट आलं होतं.

मला आईचा भयंकर संताप आला. अगं, विचारायचंस तरी! हे ओठांवर आलेलं. तेवढ्यात ती म्हणाली, "तो एक तर फारच खराब होता बाई. तुझ्या त्या म्हातारीला द्यायचाय ना? म्हणून त्यालाच जास्त वेळ दिला." तिच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. मी देवाला नमस्कार केला, आईच्या पाया पडलो, वर जाऊन बाथरूमचा नळ मोठा सोडला आणि रडलो.

रविवारी गेलो. न जाऊन करतो काय? आजी निळा ड्रेस घालून, केस छान बसवून खिडकीत बसली होती. टेबलावर भिंग तयार. मी आधी सगळं सांगितलं. पूजा म्हणजे काय, हत्यारं का घासतात, आई, चिंच, पेपर. माझं मलाच ते ऐकवेना. इंग्रजीत तर ते धादांत थाप वाटत होतं. तिने चाकू घेतला, भिंगाखाली पातं या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग उलटवून दुसऱ्या बाजूने बघितलं. पुन्हा पहिल्या बाजूने.

"फार सुंदर आहे," ती म्हणाली. चाकू मिटून तिने माझ्या तळहातावर ठेवला आणि वरून माझी बोटं दुमडली. "तू चांगला मुलगा आहेस. म्हाताऱ्या बाईचं मन राखायला एवढं कुणी करत नाही."

"अहो, खरंच नाव होतं. मी वाचलंय. शपथेवर सांगतो."

"हो, हो," ती म्हणाली आणि माझा हात थोपटला. "माझी आई म्हणायची तेच खरं असणार. तू नको वाईट वाटून घेऊ." मग तिने कॉफी मागवली आणि आम्ही बर्फ यंदा लवकर पडेल का, यावर बोलत बसलो.

परतीची गाडी कशी चालवली, आठवत नाही. इतका थकवा मला आधी कधी आला नव्हता, आणि नंतरही नाही.

आई दारातच वाट बघत होती. "काय रे? आवडला का तिला?"

"आवडला."

"रडली असेल."

"रडली थोडी."

"रडणारच. बापाच्या हातची वस्तू आहे ती," असं म्हणत आईने स्वतःचेच डोळे पुसले. "बरं झालं हो, माझ्या हातून एवढं तरी झालं इथे येऊन. चल, पानं घेतलीत. कोट काढ तो."

"थंडी वाजतेय," मी म्हटलं. चाकू कोटाच्या खिशात होता. मी कोट तसाच अंगावर ठेवून पानावर बसलो, आणि आई वाढत राहिली.