साहेबांचा डबा

प्रोग्रॅमिंगमध्ये कंटेनर नावाचा एक प्रकार असतो. प्रोग्रॅमला लागणारं सगळं एका बंद डब्यात भरून द्यायचं, म्हणजे तो कुणाच्याही कॉम्प्युटरवर सारखाच चालतो. निदान सांगतात तरी तसं. मला त्या डब्याची आजही शिसारी येते.

मी तेव्हा जालना जिल्ह्यातल्या परतूरला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायचो. बायको इथल्याच शाळेत शिक्षिका, म्हणून हट्टानं पुणं सोडून आलो होतो. आमच्या साहेबांनी स्वतः असा एक डबा तयार केला आणि फर्मान काढलं, शनिवारपर्यंत ज्याच्याकडे तो चालणार नाही, त्यानं पुण्यात येऊन बसायचं.

माझ्याकडे तो सुरू व्हायचा आणि लगेच मरायचा. सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब एकेकाला विचारायचे आणि बाकीचे नंदीबैलासारखे माना हलवायचे, "झालं सर." मी म्हणायचो, "नाही सर."

"तुमच्या जालन्याचं नेट!" असं म्हणून साहेब हसायचे, की बाकीचेही खिदळायचे. किळस यायची त्या हसण्याची. नेट बिचारं ठणठणीत होतं. तरी मी लॅपटॉपवरचं सगळं पुसून पुन्हा पुन्हा नव्यानं बसवत राहिलो.

"अजून न्हाई का झालं?" बायको चहा ठेवता ठेवता म्हणायची. "जल्दी करा बरं. मला इथली शाळा सोडायची न्हाई."

शुक्रवारी वैतागून डब्याची मूळ फाइलच ओळ न् ओळ वाचली. प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज डब्यात नव्हत्याच! त्या साहेबांच्या स्वतःच्या डेस्कटॉपवरून उचलायच्या, असं तिथं लिहिलेलं. म्हणजे हा डबा अख्ख्या जगात एकाच कॉम्प्युटरवर चालणार. मग बाकीच्यांचं 'झालं' म्हणजे काय? टीममधल्या एकाला फोन लावला.

"अरे, कुणाचंच चालत नाही," तो म्हणाला. "आम्ही जुन्याच पद्धतीनं काम उरकतोय. साहेबांना नाही कोण म्हणणार?"

थू असल्या होयबांवर.

माझ्याकडच्या जुन्या सेटिंग्ज डब्यात घातल्या आणि तो बिनबोभाट चालला. दुरुस्ती साहेबांना पाठवली. बायकोनं खुशीत शिरा केला. पहिला घास घेतला तोच साहेबांचा मेसेज आला, 'शाबास! असा माणूस डोळ्यांसमोर हवा. सोमवारपासून पुण्यात ये.'

बायकोनं तो वाचला आणि माझ्या पुढ्यातली वाटी उचलली.

"न्हाई चाललं तरी पुणं, चाललं तरी पुणंच. मंग त्यांच्यासारखं 'झालं सर' म्हणायला तुम्हाला काय झाल्तं?"