गोळी लागली ती जागा

उदगीरचे आमचे टेलर मास्तर छातीचं माप घेताना प्रत्येक गिऱ्हाइकाच्या छातीवर डावीकडे बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "गोली यहींच लगी थी." त्यांच्या आवडत्या जुन्या सिनेमात नायकाचा दोस्त, मास्तरांसारखाच मुसलमान शिंपी, नायकासाठी गोळी झेलून मरतो.

यंदा त्याचा दुसरा भाग आला. त्यात हा दोस्त जिवंत निघाला! गोळी नकली, दोस्ती नकली, आणि तो म्हणे शत्रूला विकला गेलेला. शेवटी नायकाचा पोरगा त्याला खरी गोळी घालतो. ज्याच्यासाठी अख्खा तालुका रडला, त्याला गद्दार करून टाकलं? हे सरळसरळ विष आहे. थेटराबाहेर चहा पिताना मला ते लख्ख कळलं. मी निषेधाचं पत्रक लिहिलं आणि मास्तरांची सही घ्यायला गेलो.

दुकानातून निघताना एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय मास्तर, गोळी नकली होती म्हणं!"

मास्तर हसले. "हाव ना. फसलो की आपण."

मला ते हसू बघवेना. मी पत्रक पुढं केलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि माझ्याच शर्टाच्या खिशात ठेवलं. बोट मात्र खिशावर तसंच राहिलं.

"लई चांगलं लिवलंय, भाऊ. पण त्याला गोळी घातली तवा शिट्टी तुम्हीच मारली ना? मी मागच्याच रांगेत होतो."

मीच मारली होती. दोन बोटं तोंडात घालून.