हळदीचं बोट लागलेला डबा

लिहिण्याचं धाडस करतो आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि तीही निवृत्तीनंतर चढलो. नोकरीभर रोजनामचा आणि पंचनामा यांपलीकडे काही लिहिलं नाही. मराठीच्या बाईंनी वर्गात एक आठवण लिहायला सांगितली, तेव्हा पोरापोरींसोबत मीही वही उघडली. सगळ्यांत आधी हीच घटना समोर आली. ती आठवली की आजही कान तापतात, आणि राग काही फक्त गुन्हेगाराचाच येत नाही.

मी तेव्हा पांढुर्ण्याच्या ठाण्यात सहायक उपनिरीक्षक होतो. एका सकाळी गावातले एक कापड व्यापारी तणतणत आले. त्यांना सगळे शेठजी म्हणत. आदल्या दिवशी त्यांची मुलगी परीक्षेसाठी कारनं छिंदवाड्याला निघाली होती. रामाकोन्याच्या पुढे घाट चढताना गाडीतून शिट्टीसारखा आवाज आला, मागे निळा धूर झाला आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. मुलीचा पेपर बुडाला. इंजिनात टाकलेलं तेल खराब होतं, असं गॅरेजवाल्यानं सांगितलं.

"ड्रायव्हरनं असली तेल इकलं अन् नकली भरलं," शेठजी म्हणाले. "घरच्यासारखा ठेवला होता त्याले! रोज दारात गाडी उभी करते अन् इंजिन चालूच ठेवते. माहं पेट्रोल जाळते."

ड्रायव्हर जाम नदीपलीकडचा, सावरगावचा. सहा वर्षं त्यांच्याकडे होता. आम्ही त्याला उचलून आणलं. गुन्हा नोंदवला नाही, रोजनामच्यात ओळ लिहिली नाही, नुसता बाकावर बसवला. दोन दिवस. हे बेकायदेशीर होतं, आणि ते मला माहीत होतं. शेठजी ओळखीचे होते, ड्रायव्हर नव्हता. कारण एवढंच.

"आत्ता तेल बदललं, त्याचा रिकामा डबा कुठं आहे?" मी विचारलं.

"इकला साहेब. भंगारवाल्या मावशीले."

"म्हणजे पुरावाच इकला!"

"मी कायले खराब तेल टाकीन, साहेब? टर्बो गाडी हाये ते. तिले जपा लागते."

ठाण्याची लिखापढी करणारा आमचा मुंशी हसला. "टर्बो? मले वाटलं, कपाशीवरची फवारणी असंन!"

सगळे हसले. मीही हसलो. तो मात्र हात जोडून सांगत राहिला, "मागच्या दसऱ्याले तेल बदललं, तं मायनं आधी डब्याची पूजा केली. मुठीखाली हळदीचं बोट ओढलं, त्याच्यावर कुंकू लावलं. ज्याची पूजा केली त्याच्यात बेइमानी करीन का मी?"

"पूजा तं चोरही करते बे," मी म्हणालो. हे वाक्य माझंच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भंगारवाली मावशी स्वतःच ठाण्यात आली. डोक्यावरचं बोचकं दारात टाकलं आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"त्या पोराले कायले बसवून ठेवलं? डबे मी नेतो. मले इचारा ना."

"काय इचारू?"

"हेच, का प्लास्टिक सगळे चेपून घेतेत, तं बसस्टँडजवळचा तेलाचा दुकानवाला उभेच डबे काऊन मांगते? चेपला असंन तं घेत नाही. झाकण पायजे म्हणते. मी भंगार येचतो साहेब, अक्कल नाही येचत. ते तुमच्यापाशी असंन."

मुंशी खाली मान घालून लिहू लागला. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

मी आधी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीनं इंजिन उघडून ठेवलं होतं. त्यानं गोगलगायीच्या आकाराचा एक भाग माझ्या हातात दिला. "हा टर्बो. इंजिन लहान, एक लिटरचं, तीन सिलिंडरचं. पण धुराच्या जोरावर हे चाक मिनिटाले लाखाच्या वर फेरे घेते, अन् जास्तीची हवा आत लोटते. म्हणून ताकद मोठ्या गाडीची. याले आधार फक्त तेलाच्या पातळ थराचा." आतला दांडा जळून काळा पडला होता. तेलाचं डांबर झालं होतं.

"म्हणजे या गाड्या कच्च्या?"

"कच्च्या नाही साहेब. पुस्तकात लिहिलं तेच तेल, वेळेवर टाकाचं. दुरून आलं, घाट चढून आलं, का मिनिटभर इंजिन चालू ठेवाचं, मंग बंद कराचं. टर्बो थंडा होते. ड्रायव्हर ते बरोबर करे."

ज्या सवयीला शेठजी पेट्रोल जाळणं म्हणत होते, ती गाडीची निगा होती. हे ऐकल्यावर मी फार वेळ तिथे थांबू शकलो नाही.

दोन पंच घेऊन दुकानावर गेलो. फळीवर सीलबंद डबे ओळीनं मांडलेले होते. मी एकेक उचलून पाहू लागलो. सातव्या की आठव्या डब्याच्या मुठीखाली, उठावाच्या अक्षरांच्या खाचेत, पिवळी रेघ होती. तिच्यावर कुंकू.

"हे काय?"

"दुकानाची पूजा केली, साहेब."

"दुकानाची केली, मंग एकाच डब्याले काऊन? अन् तेही मुठीखाली?"

मी त्याला बाजूला केलं. मागच्या खोलीत गाळलेल्या जुन्या तेलाचं पिंप, झाकणांचं पोतं आणि सील लावायचं यंत्र सापडलं. ड्रायव्हरनं दोन्ही वेळा तेल याच दुकानातून घेतलं होतं. दसऱ्याचा रिकामा डबा भरून परत फळीवर आला होता. असाच भरलेला दुसरा डबा त्यानं विश्वासानं गाडीत ओतला होता.

दुकानदारावर गुन्हा नोंदवला. ड्रायव्हरला मी म्हणालो, "जा घरी." एवढंच म्हणालो. आणि मग लक्षात आलं की, त्याला निर्दोष म्हणायलाही आमच्याकडे कागद नाही. जे लिहिलंच नव्हतं, ते खोडणार कसं? गावानं त्याला ठाण्याच्या बाकावर पाहिलं होतं, तेवढं गावाला पुरेसं होतं. शेठजींनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. हा बोरगावकडे ऑटो चालवू लागला.

ज्याला यंत्र कळत होतं त्याला आम्ही अडाणी समजलो, आणि स्वतःला मात्र तपास अधिकारी. या प्रकरणानं मला शिकवलं ते हे, की माणूस बाकावर बसवण्याआधी त्याचं नाव कागदावर लिहावं. लिहिताना हात अडतो, आणि तो अडायलाच पाहिजे. मी चुकलो होतो. ती राहिलेली नोंद आज या वहीत करतो आहे.

परवा ती मावशी बाजारात भेटली. तिनं सांगितलं, की या दसऱ्याला शेठजी स्वतः पूल ओलांडून सावरगावला त्याच्या घरी गेले. आपट्याची पानं दिली आणि कामावर परत ये म्हणत नव्या गाडीची चावी पुढे केली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? सोनं घेतलं, पाया पडला. चहा पाजला. चावी नाही घेतली."