वनिताच्या टेस्टमधलं ‘येते’

या, जरा पुढे सरकून बसा बघू. लांबून वाचता, मग खाली लिहिता, ‘भीती नाही वाटली’! आणि आधीच एक रागावून घेते... या धाग्यावर ज्याच्या त्याच्या अनुभवात रात्रीचे दोन, घाटातलं वळण आणि पांढरी साडी. अरे, बाकीच्या वेळी आणि बाकीच्या रंगात काही घडतच नाही का? माझ्या बाबतीत घडलं ते सकाळी साडेअकराला, एसीत, ट्यूबलाइटखाली.

मी कधीच असलं काही मानलं नाही. फ्लॅटचा ताबासुद्धा अमावस्येला घेतला, बिल्डर दुसऱ्या दिवशी गावाला जाणार होता म्हणून. आमचे हे दारातच घुटमळले, मी नाही.

मग आजच का लिहायला बसले? तर परवा इथेच एका मुलीने लिहिलं होतं – इंटरव्ह्यूची असाइनमेंट म्हणून कंपनीने चार दिवसांचं काम घरी करायला दिलं, तिने करून दिलं, आणि नंतर कुणी फोनच उचलेना. खाली तुम्ही सगळ्यांनी त्या कंपनीला शिव्या घातल्यात. मी वाचत बसले, चहा गार झाला... कारण त्या कंपनीसारखीच एक बाई मी होते. वीस-बावीस वर्षांपूर्वीची.

सदाशिव पेठेत घरातल्याच दोन खोल्यांत माझं डीटीपीचं काम चालायचं. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. टायपिंग शिकले ते पत्रिका छापणाऱ्याच्या शेजारी बसून, आणि कॉम्प्युटर शिकले तो बिघडवून बिघडवून. पुढे आयटीचे दिवस आले आणि हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीने मला काम दिलं. तालुक्याच्या गावी माहितीची यंत्रं ठेवायची होती – काचेवर बोट लावलं की हवामान, बियाणं, एसटीचं वेळापत्रक दिसणार. त्याचे चाळीस पडदे, म्हणजे स्क्रीन, इंग्रजीतून मराठीत आणायचे, एका पानावर एक. मुदत दहा दिवस. माझ्या एकटीने ते होणं शक्यच नव्हतं.

मग मी पेपरात जाहिरात दिली – मराठी उत्तम असलेली मुलगी पाहिजे. जागा एकच. पाच जणी आल्या. आणि मी काय केलं... पाचही जणींना आठ-आठ पानं दिली. म्हटलं, “टेस्ट आहे. घरी करून आणा. बघते.” पाच आठे चाळीस. कळलं ना?

ठरवून केलं का? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, नाही. आता या वयात कुणाशी खोटं बोलू? ठरवूनच केलं.

त्यातली एक वनिता. यवतमाळकडची, जवळच मुलींच्या हॉस्टेलवर राहायची. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. कागद घेऊन आली तर सगळं हाताने लिहिलेलं, निळ्या शाईत. अक्षर छान, पण शिरोरेषा प्रत्येक अक्षराला वेगळी, मधे फट.

मी म्हटलं, “रेघ अखंड काढायला शाळेत शिकवलं नाही वाटतं?”

“शिकवलं न काकू. पण घाईत होते. तीन दिवस हेच करून राहिले.”

पहिल्या दिवसापासून काकूच म्हणायची. बाकीच्या चौघी मॅडम म्हणायच्या.

काम असं सुरेख की बाकीच्या चौघींचं त्यापुढे शाळेतलं भाषांतर वाटावं. वाचत वाचत मी शेवटच्या ओळीशी आले. सगळ्याच पडद्यांच्या कोपऱ्यात ‘एक्झिट’चं बटण होतं, ते प्रत्येकीने शेवटी एकदाच लिहायचं होतं. चौघींनी लिहिलं होतं, ‘बाहेर पडा’. हिने लिहिलं होतं, ‘येते’.

“हे काय गं? यंत्र आहे ते, तुझी मावशी नाही.”

“पण निघताना ‘जाते’ नाही म्हणत न आपण काकू? आणि ‘बाहेर पडा’ म्हणजे... हाकलून दिल्यासारखं वाटते.”

“आणि समोर पुरुष असला म्हणजे?”

“मग ‘येतो’ दाखवायचं न.”

“अस्सं! यंत्राने आधी चेहरा बघायचा!”

हसली. मीही हसले, आणि तिच्यासमोरच लाल पेनाने ‘येते’ खोडून वर ‘बाहेर पडा’ लिहिलं. उठताना ती दारात थांबली. म्हणाली, “काकू, कळवाल न लवकर? भाऊ म्हणतो, दसऱ्यापर्यंत नोकरी लागली तर राहा पुण्यात, नाही तर येऊन घेऊनच जातो. तिकडे माझं जमवून ठेवलं आहे... मला नाही करायचं ते.”

“बघते हं.”

“येते काकू.”

“हो, ये.”

चाळीसच्या चाळीस पानं मी स्वतः टाइप केली. दुसऱ्या कुणी बोटही लावलं नाही, हे लक्षात ठेवा. वनिताच्या पानांत त्या एका ‘येते’शिवाय एक अक्षर बदलावं लागलं नाही, आणि बाकीच्यांची वाक्यंसुद्धा तिचं बघून नीट केली. काम वेळेत गेलं. आणि काम संपल्यावर मुलगी ठेवायची कशाला? पुढचं काम येईल तेव्हा बघू, असं म्हणत मी पाचही जणींना काही कळवलं नाही.

तिचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी म्हटलं, अजून ठरलं नाही. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा दसरा चार दिवसांवर होता.

“हॅलो, काकू आहेत का?”

मी आवाज जरा जाड केला. हो, केला. म्हटलं, “नाहीत. बाहेर गेल्यात.”

ती शांतपणे म्हणाली, “बरं काकू. ठेवते.”

...

त्यानंतर तिसऱ्या दिवशी हिंजवडीहून इंजिनिअरचा फोन. “काकू, नवीन मशीनवर सगळा कचरा दिसतोय. तुमचा फाँट टाकायचा राहिलाय, सीडी घेऊन या.”

हे जरा समजावते. तेव्हा मराठीचा फाँट ज्या कॉम्प्युटरवर टाकलेला नसेल, तिथे मराठी मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि टिंबं-चिन्हं दिसायची. एक शब्द लागायचा नाही. फाँट टाकला की मगच मराठी.

बस बदलत, दोन्ही बाजूंच्या उसातून गेले. नवी कोरी इमारत, रंगाचा वास, भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा. तो इंजिनिअर मशीनसमोर वाकून बसला होता. मला म्हणाला, “बघा ना.”

बघितलं. सगळा पडदा कचरा, ठीकच होतं ते. पण खाली उजव्या कोपऱ्यात, बटणावर, स्वच्छ मराठीत – ‘येते’.

तो म्हणाला, “एवढा एकच शब्द कसा काय दिसतोय काकू? तुम्ही चित्र करून टाकलंत का?”

मी तो शब्द कधी टाइपच केला नव्हता. तो फक्त एका कागदावर होता, तोही खोडलेला, आणि तो कागद माझ्या घरी कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. शिवाय ते अक्षर माझ्या फाँटचं नव्हतं. ‘ये’ आणि ‘ते’च्या मधे शिरोरेषेला फट होती.

त्याने सीडी घातली, फाँट टाकला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सगळं मराठी झालं. कोपऱ्यात ‘बाहेर पडा’. त्याने फाइल उघडून शोधलं, त्यातही पहिल्यापासून तेच. “काहीतरी डिस्प्लेचा प्रॉब्लेम असेल,” असं म्हणाला खरा, पण मी निघेपर्यंत त्याने त्या बटणाला हात लावला नाही.

घरी न जाता मी तशीच हॉस्टेलवर गेले. मनाशी पक्कं केलं होतं, आजपासूनच ये म्हणायचं तिला. दारातल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“वनिता? सकाळी गेली. भाऊ आला होता न्यायला.”

“किती वाजता?”

“साडेअकरा झाले असतील. सगळ्यांना ‘येते, येते’ करत गेली. आता कुठली येतेय!”

अर्जावरच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. लिहिलं, चूक माझी आहे, नोकरी तुझी आहे, ये. उत्तर नाही. पत्रं तिला मिळाली की भावाच्या हाती पडली, देव जाणे. तिसरं टाकायचा मला धीर झाला नाही. कुणाच्या घरी काय चाललंय आणि आपल्या पत्राने काय होईल... की हीसुद्धा माझी पळवाटच?

त्यानंतर मी कुणाला घरी करायला टेस्ट दिली नाही. मुलगी आली की समोर बसवायचं, चहा द्यायचा, अर्ध्या तासाचं काम द्यायचं आणि हो की नाही ते तोंडावर सांगायचं. याने काही फिटत नाही, माहीत आहे मला.

तो शब्द पुढे आणखी दोनदा दिसला. दोन्ही वेळा नवीन मशीन, फाँट टाकायचा बाकी, सगळा कचरा आणि कोपऱ्यात फट असलेलं ‘येते’. दोन्ही वेळा मी एकटी, दिवसाढवळ्या. घाबरले का? नाही. खुर्ची ओढून बसून राहिले, फाँट टाकायलाच हात होईना. आता कुठल्याही मशीनवर मराठी आपोआप दिसतं, कचरा म्हणून दिसतच नाही. बरंच झालं की हो! पण तेव्हापासून तीही दिसली नाही.

माझ्या भाच्याने भरपूर कारणं सांगून बघितली, मेमरीत राहिलं असेल, अमुक असेल, तमुक असेल. मी विचारलं, “जे कुणी टाइपच केलं नाही ते मेमरीत कसं राहील रे?” तो म्हणाला, “तुझ्या मेमरीत, मावशी.” असेल. पण मग त्या इंजिनिअरला कसं दिसलं?

तो कागद अजून आहे माझ्याकडे. लाल रेघ आता फिकी पडली आहे, निळी शाई आहे तशी आहे.

हे कुणी यवतमाळकडचं वाचत असेल, आणि चष्म्याची काडी दोऱ्याने बांधणारी वनिता ओळखीची वाटली, तर तिला एवढंच सांगा, घर तेच आहे, दुसरा मजला. काकू बाहेर गेलेल्या नाहीत. घरीच आहेत.

‘येते’ म्हणून गेली आहेस ना गं? मग ये. लवकर ये.