आराखड्यात नसलेली पाठ

आमच्या नगरपालिकेचा सांस्कृतिक विभाग म्हणजे एक कपाट आणि अर्धं टेबल. उरलेल्या अर्ध्या टेबलावर जन्म-मृत्यूच्या नोंदी चालतात. कपाटाचं दार उघडायचं तर खालच्या बाजूला गुडघा मारावा लागतो. आत भजनी मंडळांचे पेटी-तबल्यासाठी मदतीचे अर्ज, लेझीम पथकांचे कागद, चौकातल्या पुतळ्याच्या डागडुजीची फाइल, असं गावाचं सगळं गाणं-बजावणं फितीनं बांधून ठेवलेलं असतं. तिथं बसणाऱ्या मॅडम कळंबकडच्या. मूळ काम वसुलीचं, हा विभाग त्यांच्या गळ्यात 'अतिरिक्त' म्हणून पडलेला. पण हे अतिरिक्त काम त्या ज्या निष्ठेनं करतात, तेवढ्या निष्ठेनं मूळ काम करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर मला कला समितीवर घेतलं. माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर मी आत शिरून सांगतो, मग गिऱ्हाईक असो वा नसो. अशा माणसाला समितीवर घेणं म्हणजे मधमाश्यांचं पोळं घरात टांगण्यासारखं, असं आमची मुलगी म्हणाली होती. ती पुण्याला नोकरी करते आणि मला असं बोलायची मुभा फक्त तिलाच आहे.

समितीवर आल्या आल्या मी एक नियम करून घेतला. मागं एका पेंटरनं भिंतीवर स्वच्छतेचा संदेश लिहिता लिहिता कोपऱ्यात आपल्या मेव्हण्याच्या मोबाइल दुकानाचा नंबर घातला होता. तेव्हा मी लिहून दिलं की, मंजूर आराखड्यात नसलेला मजकूर अथवा आकृती पुसून घेण्यात येईल. मॅडमनी तो नियम जसाच्या तसा घेतला. मी फुशारून गेलो.

मग आली एसटी स्टँडसमोरची भिंत. पाण्याच्या टाकीच्या आवाराची ही लांबलचक भिंत स्टँडच्या बाहेर पडायच्या गेटासमोर येते. बस गेटातून निघाली की या भिंतीपुढं क्षणभर थांबते आणि वळते. तिच्यावर चित्र काढून घ्यायचं ठरलं. जाहिरात निघाली, अर्ज आले आणि आम्ही छाननीला बसलो. समितीत आम्ही पाच जण, पण या हकिकतीत मॅडम आणि मी, दोघांचंच काम आहे.

एक अर्ज माझ्या विद्यार्थ्याचा होता. पुण्यात कलेची पदविका घेतलेला हुशार पोरगा, कामाचे फोटो चकचकीत कागदावर छापून जोडलेले. मी मनातल्या मनात भिंत त्याला देऊन टाकली होती. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "सर, हा तुमचा विद्यार्थी ना? मग याला गुण बाकीचे सदस्य देतील."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणून तर आधीच विचारलं."

मी आतून धुमसत होतो. तो धूर निघाला पुढच्या अर्जावर. अर्ज हायवेवरच्या एका पेंटरचा होता. ट्रकच्या बॉडी बांधायच्या गॅरेजात त्यानं उभं आयुष्य रंगकाम केलेलं. अर्जातलं प्रत्येक अक्षर दुकानाच्या पाटीसारखं, सावली देऊन काढलेलं. 'पूर्वी केलेल्या कामाचे ठिकाण' या रकान्यात त्यानं सात ट्रकांचे नंबर लिहिले होते. काही आपल्या एमएच पंचवीसचे, काही कर्नाटकचे, एक-दोन पार आंध्रातले.

मी मोठ्यानं हसलो. "हे काय आरटीओचं ऑफिस वाटलं का याला?" आणि लाल पेनानं अर्जावर 'अपात्र' लिहून मोकळा झालो.

मॅडमनी अर्ज स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. म्हणाल्या, "सर, आपण ठिकाण विचारलंय. ते ठिकाण एका जागी उभं असलं पाहिजे, असं आपण कुठं लिहिलंय?"

"मॅडम, चालत्या गाडीचं काय ठिकाण?"

"तेच बघून येऊ या. बाकीच्या अर्जदारांची कामं आपण जागेवर जाऊन बघणार आहोत. याचीही बघायला पाहिजेत."

म्हणून एका रविवारी आम्ही नळदुर्गच्या एका ढाब्यावर जाऊन बसलो. सुट्टीचा दिवस मॅडमचा स्वतःचा, एसटीचं तिकीटही ज्याचं त्यानं काढलेलं. पेंटर आधीच येऊन उभा होता. पन्नाशीचा सुकलेला माणूस, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. ट्रकच्या मागं लावायला तयार स्टिकर मिळायला लागल्यापासून त्याचं काम जवळजवळ बंद पडलं होतं. त्यानं ओळखीच्या ड्रायव्हरांना फोन लावले होते. सातांपैकी तीन गाड्या दुपारपर्यंत इथं जेवायला थांबतील म्हणाला. मी दोन चहा प्यालो, तिसरा अर्धा सोडला आणि घड्याळाकडे बघून चार वेळा 'च्‌' केलं.

पहिला ट्रक लागला तो कांद्याचा. मागच्या फळ्यावर मोर, कमळ नाहीतर गरुड असणार, हे मी गृहीत धरलं होतं. होतं भलतंच. पांदीचं वळण, वळणावर एका बाजूला झुकलेला लिंब आणि लिंबाखाली हातपंप. हातपंपाच्या तोंडाला पाण्याचा एकच थेंब लोंबत होता. चौतीस बॅचना मी थेंब काढायला शिकवला, पण असा लोंबता मला स्वतःला कधी जमला नाही.

"हे काय आहे?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"आमच्या गावाचं वळण हाय. ह्यो पेंटर परत्येकाला इचारतोय, घर सोडताना शेवटी काय दिसतंय? म्या सांगितलं, त्यानं काढलं."

"पण हे तर तुमच्या पाठीमागं. गाडी चालवताना तुम्हाला दिसत नाही."

"न्हाय दिसत. पर मागं हाय, हे म्हाईत असतंय की."

नंतरच्या दोन गाड्यांवरही असंच. एकीवर मारुतीच्या देवळाची पायरी, दुसरीवर उंबऱ्यात बसून तांदूळ निवडणारी बाई. ती बाई तर मान वर करून बघतेय असंच वाटत होतं. पेंटर तिच्याजवळ गेला आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं तिच्या तोंडावरचा चिखल पुसायला लागला.

"सहा वर्सांनी बघाया मिळाली ही," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "गुरुजी, म्या काढतो अन् ते जातंय. एकबी चित्र जाग्यावर न्हाय. काही तर गाड्यांसंगट भंगारात गेली. एक तरी हितंच ऱ्हाऊ द्या. कवाबी उठून जाऊन बघता येईल, असं एकच."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. मला ते बघून अवघडल्यासारखं झालं, कारण मी असलं पाणी फार हुशारीनं लपवणारा माणूस.

परतल्यावर मॅडमनी मला माझंच 'अपात्र' माझ्याच हातानं खोडायला लावलं आणि खाली सही घेतली. वीसपैकी मी त्याला एकोणीस गुण दिले. पैकीच्या पैकी द्यायची मला सवय नाही. भिंत त्याला मिळाली. माझ्या विद्यार्थ्याला वाचनालयाच्या दर्शनी भागाचं काम मिळालं आणि तेही चांगलं झालं.

विषय पेंटरचा जुनाच. आपलं गाव सोडताना लोकांना शेवटी काय दिसतं? मॅडमनी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी एक पेटी आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. लोकांनी लिहिलं, ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्याशेजारी बसून मॅडमनी लिहून घेतलं. पाण्याची टाकी, भुईमुगाच्या शेंगा विकणारी मावशी, चहाच्या गाड्यावरची वाफ, बसमागं थोडं पळत येऊन थांबणारं पिवळं कुत्रं. त्यातून पेंटरनं आराखडा केला, समितीनं मंजूर केला, पानोपानी माझी सही झाली.

काम चालू असताना मॅडम रोज जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे जात. गिलावा नीट वाळला का, अस्तराचा हात झाला का, बांबूची परांची पक्की आहे का, एवढंच विचारत. 'इथं जरा लाल घ्या' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मला विचाराल तर कलेवर देखरेख करणाऱ्याचं सगळं शहाणपण यात आलं. नोंदवहीत बांधकामवाल्यांनी या कामापुढं 'रंगकाम' लिहिलं होतं. मॅडमनी ते बदलून 'चित्र' करून घेतलं. रंगकाम असेल तर पुढच्या सणाला कुणीही येऊन चुना फासेल. चित्र म्हणून एकदा मंजूर झालं, की ठरावाशिवाय पुसता येत नाही.

काम पुरं झाल्यावर तपासणीला मी आराखडा हातात घेऊन भिंतीच्या या टोकापासून निघालो. टाकी, बरोबर. मावशी, बरोबर. कुत्रं आराखड्यापेक्षा देखणं. आणि अगदी शेवटी, गेटाच्या नेमकं समोर, एक माणूस. पाठमोरा. डावा खांदा थोडा खाली गेलेला, त्यावर कापडी पिशवी, मान ताठ. भिंतीतून निघून चाललेला.

आराखड्यात हा माणूस नव्हता.

"हा कोण?" मी विचारलं.

पेंटरनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी फाइलकडे. चहाच्या गाड्यावरची दोन माणसं तोंडावर हात घेऊन हसली. आपलं काहीतरी हसं चाललंय एवढं मला कळलं आणि माझं डोकं सणकलं.

"मेव्हणा असेल कुणाचा तरी. नियम म्हणजे नियम. आराखड्यात नाही, पुसून घ्या."

पेंटरनं वाद घातला नाही. पांढऱ्या रंगाचा डबा उचलला, ब्रश बुडवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पुसतो, गुरुजी. पर येकदा नीट बघा. लई जीव लावून काढलाय."

"बघितलं. पाठ आहे. त्यात काय बघायचं?"

"पेंटर, थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. "सर, हा कागद आराखडा मंजूर झाल्यावर पेटीत आला. कुणाबद्दल आहे ते चहाच्या गाड्यावरच्यांनी लगेच ओळखलं. मी पुरवणी म्हणून लावून घेतला, पेंटरना काढायला सांगितलं. आधी तुमची सही घ्यायला हवी होती. चूक माझी. तुमच्याकडे हा कागद घेऊन यायचा मला धीर झाला नाही."

कागदाखाली नाव नव्हतं. पण 'ळ'चं खालचं वेटोळं दिसलं आणि मी कागद डोळ्यांजवळ नेला. तो 'ळ' मी पोरीचा हात धरून पाटीवर गिरवून घेतला होता.

'आमचे अप्पा. बॅग वर ठेवून देतात, खिडकीची जागा मिळाली का बघतात, पोचलीस की फोन कर म्हणतात आणि बस निघायच्या आतच पाठ फिरवून चालायला लागतात. इतक्या वर्षांत एकदाही वळून बघितलं नाही. बस वेळेवर निघाली, की गेटातून मला शेवटची दिसते ती त्यांची पाठ.'

मी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. खांदा, पिशवी, मान. सगळ्या गावानं ओळखलेला माणूस मला एकट्यालाच ओळखता आला नव्हता. आपली पाठ आपल्याला कुठं दिसते? ट्रक ड्रायव्हरला निदान मागं काय आहे हे माहीत तरी होतं.

मी वळून का बघत नाही, हे आजवर कुणाला सांगितलं नाही, इथं सांगतो. बसचं इंजिन सुरू झालं की माझे डोळे भरून येतात. पोरीनं तो चेहरा बघू नये म्हणून मी घाईनं निघतो. मला वाटायचं, तिला वाटत असेल अप्पा खंबीर आहेत. तिला काय वाटत होतं ते आता भिंतीवर होतं, गावात येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं असं.

"सर, काय करायचं?" मॅडमनी हळू विचारलं. पेंटर डबा धरून तसाच उभा होता. ब्रशावरून पांढरा थेंब ओघळून त्याच्या चपलेवर पडला.

मी पेन मागितलं. पुरवणीवर सही केली. शेऱ्याच्या जागी 'समाधानकारक' लिहायची पद्धत आहे. मी 'तंतोतंत' लिहिलं. पेंटरनं डबा खाली ठेवला, खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. आता तो संध्याकाळी बऱ्याचदा समोरच्या गाड्यावर चहा घेत आपली भिंत बघत बसलेला दिसतो. चहाचे पैसे मी दिलेले त्याला चालत नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपवून मुलगी निघाली, तेव्हा तिला सोडायला गेलो. बॅग ठेवून दिली, खिडकी मिळाली का बघितलं. इंजिन सुरू झालं. डोळे भरायचे तसे भरले. मी पिशवी घट्ट धरून, पाठ न फिरवता जागच्या जागी उभा राहिलो. बस गेटातून निघाली, भिंतीपुढं थांबली, वळली. खिडकीतून तिचा चेहरा आधी भिंतीकडे आणि मग माझ्याकडे फिरलेला मला दिसला.

पाच मिनिटांत फोन आला. आवाज जड होता, पण जीभ तीच.

"अप्पा, तुमची भिंत खोटी पडली की हो."

"पडू दे," मी म्हणालो. "मंजूर झालेली आहे. आता पुसता येत नाही."