भावजींच्या छातीवरचा हिरवा डोळा

आमचे भावजी बसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले. जेवायचेसुद्धा उभ्याने. ताट हातात, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. सासूबाई ओरडायच्या, "अरं बस रं धाकल्या, अन्नाला तरी मान दे!" की दोन घास बसून खायचे आणि तिसऱ्या घासाला पुन्हा उभे. पेपर वाचायचे तो अंगणात फेऱ्या मारत. पान उलटायची वेळ आली की स्वतःही वळायचे. लग्न होऊन मी कर्जतला लागून असलेल्या दहिवलीत आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, या माणसाला कुठली तरी गाडी गाठायची आहे आणि आमच्यामुळे उशीर होतोय. नंतर कळलं, गाडीबिडी काही नाही, स्वभावच तसा.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. रसायनीच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्तीच्या खात्यात होते. दिवसभर तिथे मीटर उघडायचे आणि घरी आले की घर उघडायचे. माहेरून आणलेलं माझं गजराचं घड्याळ त्यांनी हळदीच्या अंगानं मी वावरत होते तेव्हाच खोलून बघितलं. मी रडकुंडीला आले, तर म्हणाले, "वैनी, उघडून बगायचं नाय तर वस्तू घरात आनायची कशाला?" घड्याळ त्यांनी परत जोडलं आणि ते आधीपेक्षा बरं चालायला लागलं, म्हणून मला धड भांडताही आलं नाही.

त्यांचा एक शब्द होता, 'ओरिजिनल'. आणि एका शब्दाचा त्यांना भारी राग होता, 'चालतंय'. सायकलची घंटी तुटली तेव्हा बाजारात घंट्या मिळत नव्हत्या असं थोडंच आहे? पण त्या सायकलच्या कंपनीची मिळेना. तेवढ्यावरून हा माणूस कर्जतच्या बाजारातून "ए बाजू! बाजू!" असं तोंडानं ओरडत सायकल हाणायचा. मी म्हटलं, "अहो, कुठलीही लावा, वाजल्याशी कारण." तर म्हणे, "खोटी घंटी वाजवन्यापरीस ओरडलेलं बरं." आमचे हे हसून सोडून द्यायचे. मला मात्र ते ओरडणं माडीवर ऐकू यायचं आणि मी चहाचं आधण ठेवायला उठायची.

अशा माणसाला आम्ही एकदा सिनेमाला नेलं, तिथून सगळं सुरू झालं. खोपोलीच्या थेटरात कुठलासा परदेशी सिनेमा लागला होता. नाव आम्हाला कुणाला धड उच्चारता यायचं नाही, म्हणून घरात त्याला 'आकाशवाला पिक्चर' म्हणत. एक माणूस कुठल्याशा ओसाड ग्रहावर एकटा राहून जातो आणि परतीची वाट शोधत हिंडतो, एवढीच गोष्ट. त्याच्या अंगात जाडजूड पांढरा पोशाख, तोंडापासून छातीपर्यंत नळी, आणि छातीवर मधोमध एक गोल हिरवा डोळा. त्या डोळ्यात खालच्या बाजूला एक काळी फट होती, ती मिटायची आणि उघडायची. भावजी तिकीट काढूनही भिंतीला टेकून उभे होते. डोळा दिसला तसे तरातरा पुढे आले आणि भर सिनेमात माझ्या खुर्चीशी वाकून म्हणाले, "वैनी, आपल्या रेडिओचा डोळा!" मागून लोक ओरडले, "ए, खाली बस!" सासूबाईंना जे कधी जमलं नाही ते त्या लोकांना काय जमणार?

आता या रेडिओचं सांगायला हवं. सासरे मी पाहिले नाहीत, पण त्यांचा रेडिओ माझ्या माजघरात फळीवर होता. लाकडी पेटीचा, मोठा, आणि कपाळावर रुपयाएवढा हिरवा डोळा. स्टेशन नीट लागलं नसलं की डोळ्याच्या खालच्या बाजूला काळी फट दिसायची, नीट लागलं की ती मिटत यायची. शेवटी शेवटी सासऱ्यांना ऐकू येईनासं झालं होतं. तरी ते रोज संध्याकाळी रेडिओपुढे बसत आणि डोळ्याकडे बघत बटण फिरवत. फट मिटली की सासूबाईंना म्हणत, "लागलं बघ स्टेशन." मग सासूबाई ऐकत आणि ते बघत. ते गेल्यावरही सासूबाईंनी दिवेलागणीला रेडिओ लावायचं सोडलं नाही. बातम्या काय सांगतात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्या डोळा बघायला बसत.

त्या सिनेमातला पोशाख हुबेहूब करायचा, आणि येत्या शिमग्याला त्याचं सोंग घेऊन आळीतून फिरायचं, हे भावजींच्या डोक्यानं घेतलं. आमच्याकडे शिमग्याला सोंगं दारोदार जातात. रावण, वाघ, अस्वल, बायकांची सोंगं, सगळी घरातल्या पुठ्ठ्याची आणि सुतळीची. पण भावजींना पुठ्ठा चालायचा नाही. त्यांचं म्हणणं असं, की त्या सिनेमावाल्यांनी काही आकाशातून आणलेलं नाही, पोशाखातली एकेक वस्तू पृथ्वीवरच्या कुठल्या ना कुठल्या कामाची आहे. तर तीच वस्तू शोधायची. तो सिनेमा खोपोलीहून उठला तसा हे त्याच्या मागे पनवेलला गेले, तिथून कल्याणला. येताना डोक्यात एकेक तुकडा घेऊन यायचे आणि पडवीच्या भिंतीवर कोळशानं काढायचे. हळूहळू भिंतीवर पुरुषभर उंचीचा एक माणूस उभा राहिला. सासूबाई सारवताना त्याच्या पायापाशी थांबायच्या आणि म्हणायच्या, "हा कोन रं मेला, रोज मोठा होतोय?"

नळी निघाली विषारी वायूत घालायच्या मुखवट्याची, ती कारखान्यानं मोडीत काढलेल्या सामानात मिळाली. हातमोजे ॲसिडच्या कामाचे. पट्ट्यांची बक्कलं मात्र कुठे जुळेनात. एके दिवशी भावजी अचानक ओरडले, "घोडा!" आणि तसेच माथेरानला गेले. ती बक्कलं घोड्याच्या खोगिराच्या पट्ट्याची होती. एका घोडेवाल्याला जुन्याच्या जागी नवी देऊन त्याची झिजलेली घेऊन आले, कारण पडद्यावरची झिजलेली होती. कापड म्हणजे कारखान्यात रसायन गाळायचं जाड कापड. ते शिवलं मी. माझ्या मशीनच्या सुया त्यात काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. शिवण जरा इकडेतिकडे झाली की हे उसवायला लावायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "कोण बघणार आहे काखेतली शिवण?" तर फेऱ्या मारता मारता थांबले, "मी बगनार, वैनी." मुकाट्यानं उसवलं. खरं सांगायचं तर मलाही त्याचा नाद लागला होता. भात चुलीवर ठेवून मी मशीनकडे पळायची आणि करपल्याच्या वासानं परत यायची.

सगळं जमलं, राहिला डोळा. छातीच्या पत्र्यात त्यांनी बेताचं गोल भोक पाडून ठेवलं होतं आणि त्यात बसवायला डोळा नव्हता. मुंबईचा जुना बाजार पालथा घातला. माथेरानच्या एका हॉटेलानं टाकून दिलेला रेडिओ डोक्यावरून खाली आणला, उघडला, तर त्याचा डोळा लांबट, पट्टीसारखा. मी म्हटलं, "भावजी, हिरवा आहे, चालतंय." जीभ चावली, पण शब्द गेला होता. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

आणि ज्या कंपनीचा, ज्या आकाराचा हवा, तो डोळा घरातल्या फळीवर रोज संध्याकाळी उघडमीट करत होता. भावजी माजघरातून जाता-येता तिकडे बघायचे आणि लगेच दुसरीकडे बघायचे. शेवटी मीच म्हटलं, "विचारा ना एकदा आईंना." ते म्हणाले, "विचारलं तर देईल ती. म्हनून तर विचारत नाय." तिकडे सासूबाई मला मोरीपाशी गाठून म्हणायच्या, "मागत का नाय गं तो? मी काय वाघ हाय?" "मग तुम्हीच द्या ना." "मी का देऊ? मागू दे की त्याला." माय-लेक दोघेही एका हाडाचे, आणि मधल्या मध्ये माझी येरझार. मला तर त्या डोळ्याकडे बघवेना.

त्यातच आखातातल्या नोकरीचं बोलावणं आलं. तिथल्या तेलाच्या कारखान्यात मीटरचंच काम. शिमगा झाला की निघायचं. खरं तर घरात कुणाला आश्चर्य वाटायला नको होतं, हा माणूस आज ना उद्या जाणारच होता. तरी सासूबाई त्या दिवशी सांजेला रेडिओ लावायला विसरल्या.

शिमग्याच्या संध्याकाळी भावजी पोशाख घालून पडवीत उभे राहिले. भिंतीवरचा कोळशाचा माणूस आणि हा, शेजारी शेजारी. नळी, बक्कलं, मोजे, डोक्याला काळ्या काचेचं शिरस्त्राण, सगळं जिथल्या तिथे. फक्त छातीला भोक. बाहेर ढोल वाजत होता, बाकीची सोंगं दारात येऊन थांबली होती. सोंग घराबाहेर पडताना घरातल्या वडील बाईनं त्याला ओवाळायचं, ही आमच्या आळीची रीत. सासूबाई ताट घेऊन आल्या. वर काचेत तोंड दिसेना, म्हणून त्यांनी छातीकडे बघितलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"हे असं भोक घेऊन फिरनार गावभर?"

काचेआडून आवाज आला, "खोटं लावन्यापरीस भोक बरं, आई."

"लोकं म्हनतील, आईनं पोराला एक दिवा दिला नाय."

"कोन म्हनत नाय. जाऊ दे, उशीर होतोय."

सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. "काढ तो डोळा नि लाव तुझ्या छातीला. पन रेडिओपासून तोडायचा नाय, नि घराभायेर न्यायचा नाय."

"मग मी आळीत कसा फिरू?"

"नको फिरू. आज उभा ऱ्हा माज्यापुडं. ज्याला बगायचं तो येईल हितं."

भावजींनी माजघरात येऊन शिरस्त्राण काढलं, हत्यारं आणली आणि कामाला लागले. डोळा काढून लांब वायर जोडली, तिचं एक टोक रेडिओत, एक छातीवर. विजेचा झटका बसेल म्हणून मी ओरडत होते, तर शिरस्त्राण पुन्हा चढवून पायाखाली रबराची चटई घेऊन उभे राहिले. सोंगं दारात ताटकळली, ढोलवाला विडी ओढून आला. मग सासूबाई रेडिओपुढे बसल्या आणि बटण फिरवायला लागल्या. भावजींच्या छातीत आधी मिणमिणतं आणि मग लख्ख हिरवं उजळलं. फट उघडली, थरथरली, आणि कुठलंसं स्टेशन लागलं तशी मिटत मिटत गेली.

"लागलं बघ स्टेशन," सासूबाई म्हणाल्या.

शिमग्याला सोंग लोकांच्या दारी जातं. त्या संध्याकाळी अख्खी आळी आमच्या दारी आली. रावण आला, वाघ आला, बायका पोरं काखोटीला मारून आल्या. आणि आमचे भावजी, ज्यांना तिसरा घास बसून खाववत नव्हता, ते हलले नाहीत. हलले असते तर वायर निघाली असती. सासूबाई बटण फिरवत राहिल्या, स्टेशनं बदलत राहिली, आणि स्वतः मुलाच्या छातीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, असाच उभा राहावा हा माणूस, आखातबिखात काही नको. शेवटी शिरस्त्राण काढलं तेव्हा त्यांचं सगळं तोंड ओलं होतं. म्हणाले, "काचेत लई उकाडतं, वैनी." मी टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळा परत रेडिओत बसवला, पोशाख खुंटीला टांगला आणि एस.टी.नं पनवेलकडे निघाले. दाराशी मी म्हटलं, "बसायला जागा मिळाली तर बसा हो." हसले आणि वळले. वळून पुन्हा बघायची त्यांना सवय नव्हती.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी रेडिओ लावला आणि मला हाक मारली. डोळा तिरका बसला होता. काळी फट खाली असायची ती उजव्या अंगाला गेली होती. काखेतली शिवण उसवायला लावणाऱ्या माणसानं निघायच्या घाईत बापाचा डोळा वाकडा बसवला! सासूबाई आधी हसत सुटल्या. "बग गं तुजा ओरिजिनलवाला!" मग मान डावीकडे कलती करून त्यांनी फट खाली आणली आणि तशाच बघत बसल्या. आमचे हे पेचकस घेऊन आले, तर म्हणाल्या, "राहू दे. येईल तवा करील तोच नीट."

ते आले नाहीत. एक नोकरी सोडून दुसरी, एका गावाहून दुसऱ्या गावी, सुट्टी ठरायची आणि मोडायची. तिकडच्याच एका उन्हाळ्यात ते गेले. काम करताना ऊन बाधलं, एवढंच आम्हाला कळलं. त्यांचे दिवसकार्य झाल्यावर आमचे हे, हाताला काही तरी काम हवं म्हणून की काय, पुन्हा रेडिओपाशी गेले आणि डोळ्याला हात घातला. सासूबाई आतून म्हणाल्या, "नको. त्याच्या हातचं हाय ते." त्यानंतर त्यांनी कुणाला रेडिओच्या मागची फळी उघडू दिली नाही. रोज मान कलती करून बसायच्या, इतकी की शेवटी चालतानाही त्यांची मान जरा डावीकडेच असायची.

आता त्याही नाहीत. रेडिओ माझ्याकडे आहे. आतलं काय गेलंय कोण जाणे, आवाज येत नाही, डोळाही पेटत नाही. दुरुस्तीवाल्यांना मी घरात घेत नाही. पण दिवेलागणीला माजघरातून जाताना मी फळीपाशी थांबते, आणि माझ्याही नकळत माझी मान डावीकडे कलते.