बांगड्याची तक्रार

हॉटेलात कसं वागावं, हे मला चांगलं कळतं. बसल्या बसल्या पाणी आणणाऱ्याला बारीकसा दम भरला, की पुढची सर्व्हिस आपोआप सुधारते, असा माझा सिद्धांत आहे. (बायकोच्या मते याच सिद्धांतामुळे कुडाळातल्या निम्म्या हॉटेलांत आम्हाला पंख्याखालचं टेबल मिळत नाही.)

आमच्या मुग्धाचं साताऱ्याला जमत आलं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांवर खूश, फक्त मुलाच्या आईवडिलांचा होकार यायचा बाकी. ते दोघं आमचं घर बघायला कुडाळला आले. "आता मालवणी पाहुणचारही बघा!" म्हणत मी त्यांना मालवणला जेवायला काढलं. एका घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून चार सुरमई थाळ्या सांगून ठेवल्या होत्या. "माडांच्या बाजूक निळो गेट," असा खानावळवालीने पत्ता दिला होता.

आता मालवणात घरगुती खानावळ म्हणजे कुणाचं तरी घरच. आणि त्या आळीत माड नसलेलं घर शोधूनही सापडलं नसतं! पण निळं गेट दिसलं. गेटला झेंडूच्या माळा, अंगणात मांडव, मांडवात टेबलं.

"सजावट बघा!" मी व्याह्यांना म्हणालो. (म्हणजे अजून न झालेल्या व्याह्यांना.)

दारातले आजोबा हसून पुढे आले. "येवा, येवा! किती उशीर केलास? जेवूकच बसा."

"पटकन वाढायला सांगा," मी फर्मान सोडलं.

आतून एक बाई पाणी घेऊन आली. सिद्धांताप्रमाणे मी विचारलं, "हे टेबल पुसलंय का?"

"पुसतंय हां," म्हणत तिने निमूट पुसलं. मी विहीणबाईंकडे विजयी नजर टाकली.

ताटं आली. ताटात बांगडे!

"सुरमई कुठाय?"

"सुरमय नाय गावली. बांगडे ताजे आसत, जेवा."

"सकाळी सांगितलं होतं ना!"

"कोणाक?"

"बघा, ही इथली सर्व्हिस!" मी व्याह्यांना म्हणालो. टेबलाखालून बायकोने माझ्या पायावर पाय दिला. "अहो, गप जेवा." पण मला चेव चढला होता. सोलकढी पातळ आहे म्हणालो, भात गार आहे म्हणालो, आणि शेवटी तर "मालकांना बोलवा!" म्हणालो.

आजोबा धावत आले. "काय कमी पडला?"

"तिखट कमी, आणि शिस्त त्याहून कमी!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. खानावळवाली! "सर, खंय पोचलास? सुरमय थंड जाता मां!"

"अहो, आम्ही तर जेवतोय!"

"खंय?"

मी बांगडा हातात घेऊन तसाच उभा राहिलो. हळूच विचारलं, "ही... खानावळ नाही?"

"खानावळ पुढच्या निळ्या गेटात," ती बाई म्हणाली. "आमच्याकडे काल दिराचा लगीन झाला." मग ती आजोबांकडे वळली. "बाबानू, माका वाटला ही तुमची मुंबयची माणसां! म्हणान तर सगळा ऐकान घेतलंय."

"नि माका वाटला तुझ्या म्हायारची!" आजोबा म्हणाले.

"पण आम्ही कोण, हे विचारायचं तरी!" मी कसाबसा म्हणालो.

"पानावर बसलेल्या माणसाक कोण म्हणान विचारतत?" आजोबा चकित झाले, आणि सुनेला म्हणाले, "त्यांका आणखी एक बांगडो वाढ गो."

मी तो खाल्ला. नंतर शेजारी जाऊन सांगून ठेवलेली सुरमईही खाल्ली, एका शब्दाने तक्रार न करता. (सुरमई खारट होती.)

परतताना गाडीत माझ्या पोटात बांगडे, सुरमई आणि धास्ती. लेकीचं जमलेलं लग्न माझ्या जिभेने मोडलं, आता तिला कुठल्या तोंडाने सांगू? मला खरंच रडू यायच्या बेतात होतं.

कुडाळ जवळ आल्यावर विहीणबाईंनी घसा साफ केला.

"इथली माणसं फार आवडली आम्हाला. मुग्धाही पसंत आहे. फक्त एक विचारायचं होतं, राग मानू नका. स्वभावाने ती कुणावर गेलीय?"

आजवर गावभर 'पोरगी अगदी बापावर गेलीय' असं मिरवणारा मी, बायकोने तोंड उघडायच्या आत ओरडलो, "आईवर! माझं काही म्हणजे काहीच नाही हो तिच्यात!"